फोटोत मागं राहिलेलं घर

मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपली असतील तर एक करा. कपाटातला तुमच्या लग्नाचा आल्बम काढा. माणसं तर तुम्हाला पाठच आहेत. मामी, मावशी, रुसलेली आत्या, डोळे मिटलेले काका. आज त्यांच्याकडे बघू नका, त्यांच्या मागं काय दिसतंय ते बघा. तुमचं माहेरचं घर किती फोटोंत नीट दिसतं? दार दिसतं का? जिना? देवघराचा कोनाडा?

मी दोन वर्षांपूर्वी हा उद्योग केला आणि रडकुंडीला आले. निमित्त झालं लेकीचं. चौथीत होती तेव्हा. शाळेतून सांगितलं होतं, ‘माझे आजोळ’ या विषयावर चित्र काढून आणा. तिचं आजोळ म्हणजे आज लिफ्ट असलेली पाच मजली इमारत. पण तिला ती नको होती. "आई, तू लहानपणी राहायचीस तो वाडा काढायचाय. तू सांग, मी काढते."

मी मोठ्या उत्साहानं बसले. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेली मी! पुढंही चित्रकलाच शिकायची होती. वडील म्हणाले, "आधी बी.ए. हो, मग बघू." बी.ए. झाले, आणि मग स्थळच बघितलं गेलं. त्याचं आता काही नाही. पण वाटलं, एक दार काढायला कितीसं लागतं?

नारायण पेठेतला तो वाडा. आम्ही तिथले भाडेकरू, तळमजल्यावर दोन खोल्या आणि वर अर्धी माडी. भला मोठा दरवाजा, त्याच्या पोटात लहान दिंडी, वर लाकडी गणेशपट्टी. त्या पट्टीखालून मी तेवीस वर्षं ये-जा केली. लेकीनं विचारलं, "गणपतीची सोंड कुठल्या बाजूला होती?" माझा हात तिथंच थांबला. आईला फोन केला. ती म्हणाली डावीकडे. भाऊ म्हणाला, "छे गं, उजवीकडे!" मग आल्बम काढला. लग्न कार्यालयात झालं असलं तरी ग्रहमख घरीच झाला होता, पाठवणीही तिथूनच झाली होती. दोनशेच्या वर फोटो निघाले. दरवाजा सहा फोटोंत होता, आणि सहाही फोटोंत गणेशपट्टीवर थर्माकोलचं ‘सुस्वागतम्’ लावलेलं!

वाडा २०१३ साली पाडला. आत भिंतीत एक खिळा होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं, तेव्हा ते कुठवर आलं होतं ते दाखवायला आजोबांनी तो मारला होता. त्याचा एकही फोटो नाही. कॅमेरा घरात होता. पण भिंतीचा फोटो कुणी काढतं का, असंच आम्हाला वाटायचं.

लेकीनं शेवटी सोंड सरळ खाली सोडलेली काढली आणि भांडण मिटवलं. माझ्या मनातलं मात्र मिटलं नाही. मी पेठेतल्याच एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस सकाळी मराठी आणि इतिहास शिकवते. साडेअकराला सुटते. लेकीची बस साडेबाराला येते. मधला तास मी तोवर भाजी आणि किरकोळ खरेदीत घालवत होते. म्हटलं, या तासातली वीस मिनिटं आता आपली. ह्यांचा जुना फोन ड्रॉवरमध्ये पडून होता, तो घेतला आणि निघाले.

पहिला फोटो काढला मंडईचा. वर्षानुवर्षं तिथं कोथिंबिरीच्या जुड्या पारखल्या, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. मधोमध अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्या भोवती पसरलेल्या उतरत्या छपराच्या लांबलचक पाख्या. १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ‘रे मार्केट’ म्हणत, पुढं महात्मा फुले मंडई झाली. मी फोटो काढला तर मनोरा मागं कलंडलेला! वर विजेच्या तारा, खाली अर्धा टेम्पो. घरी दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भाजी आणायला गेली होतीस की फोटो काढायला? मेथी तर पिवळीच आणलीस." मेथी खरंच पिवळी होती. काय बोलणार?

चुकत चुकत काही गोष्टी हाताला लागल्या, त्या तुम्हालाही सांगते. फोन वर तिरका धरला की भिंती आत झुकल्यासारख्या दिसतात. तेव्हा चार पावलं मागं जायचं, फोन भिंतीसारखा ताठ धरायचा, आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाकायचा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आडव्याउभ्या रेषा दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवली की खांब सरळ आहे का ते लगेच कळतं. नक्षीचा फोटो भर दुपारी काढू नये. सकाळी किंवा उतरत्या उन्हात उजेड तिरपा पडतो, खोदलेल्या जागी सावली बसते आणि फूल उठून दिसतं. काढण्याआधी भिंग मऊ सुती कापडानं पुसावं, कारण आपल्या फोनला हमखास पिठाचं नाहीतर तेलाचं बोट लागलेलं असतं. आणि प्रत्येक जागेचे तीन फोटो घ्यावेत: एक सगळ्या दर्शनी भागाचा, एक नुसत्या खिडकीचा, एक त्या खिडकीवरच्या फुलाचा. घरी आल्यावर वहीत तारीख आणि जागा लिहून ठेवावी. नाहीतर महिन्याभरानं सगळी दारं सारखी वाटू लागतात.

या तिसऱ्या, जवळच्या फोटोनं माझी खरी विकेट काढली. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा तुम्हांपैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल, निदान त्याच्यासमोर रिक्षा तरी केली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या बाजीरावानं तो बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तिथं संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग गेला, पण दर्शनी लाकडी काम आजही उभं आहे. तिथले खांब सुरूच्या झाडासारखे, खाली भरदार आणि वर निमुळते. शेजारच्या नक्षीत बघावं तर केळफूल! आपण भाजीसाठी हाताला तेल लावून सोलतो तेच, पाकळीवर पाकळी मिटलेलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सुतारानं ते परसात बघितलं असणार आणि लाकडात उतरवलं असणार. रात्री भांडी आवरल्यावर मी तो फोटो मोठा करून बघत बसले. किती वर्षांनी पेन्सिल हातात घेतली! फूल काही साधेना. पाकळी सुरू कुठून होते तेच कळेना. पाचव्या रात्री कळलं. कारागिरानं सगळ्या पाकळ्या दाखवल्याच नाहीत, तीन दाखवल्या आणि बाकीच्या आपल्या डोळ्यांवर सोडल्या.

त्या केळफुलाचं पुढं मी टेबलक्लॉथवर भरतकाम केलं. कृती अगदी सोपी आहे. फोटोची मोठी प्रत झेरॉक्सच्या दुकानातून काढून घ्यायची, तिच्यावर बटरपेपर ठेवून ठळक रेषा तेवढ्या गिरवायच्या आणि कार्बन पेपरनं कापडावर उतरवायच्या. नक्षी वाढवायची असेल तर फोटोच्या प्रतीवर एक सेंटिमीटरच्या चौकटी आखायच्या आणि कापडावर तीन सेंटिमीटरच्या. मग एकेक चौकट पाहून काढत जायचं. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असलेल्या बाईला हे काय अवघड? बाहेरची रेघ साखळी टाक्यानं, आतल्या शिरा उलट्या टिपेनं. रंग मी दोनच घेतले, विटकरी आणि गडद तपकिरी.

हिंडता हिंडता शब्दही परत भेटले. वाड्याची लांबीरुंदी ‘खणां’वर मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. चोळीच्या कापडाला आपण खणच म्हणतो, नाही का? दारावरची कमान ती महिरप, आणि ताटाभोवतीच्या रांगोळीची तीही महिरपच. शिकलेल्या लोकांना वास्तुकला म्हणजे काहीतरी लांबची गोष्ट वाटते. पण तिची निम्मी भाषा आपल्या स्वयंपाकघरात आणि ट्रंकेत आहे.

एकदा शाळेच्या वाचनालयात परदेशी छायाचित्रकारांवरचं एक पुस्तक हाती आलं. त्यात पॅरिसचे युजेन आत्जे भेटले. आधी नाटकात कामं करायचे. तिथं फारसं यश आलं नाही, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन जुन्या पॅरिसचे फोटो काढू लागले. दारं, जिने, अंगणं, दुकानांच्या पाट्या. आपल्या दारावर त्यांनी पाटी लावली होती, तिचा अर्थ ‘कलावंतांसाठी नमुने’. चित्रकार ते फोटो विकत घ्यायचे आणि बघून चित्रं काढायचे. १९२७ साली ते वारले तेव्हा त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बेरेनिस ॲबट नावाच्या एका तरुण अमेरिकन बाईंनी त्यातला उरलेला ठेवा विकत घेऊन जपला, आणि पुढं १९६८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं तो त्यांच्याकडून घेतला. या बाई १९२९ मध्ये अमेरिकेत परतल्या, तर न्यूयॉर्कच बदलत चाललेलं. मग त्यांनी त्या शहराचे फोटो काढायला घेतले. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं. ते वाचून मला फार धीर आला. दाराचे फोटो काढणारी मी काही जगावेगळी नव्हे!

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे.

कसब्यात एका गल्लीत एक वाडा मला फार आवडला. दाराला जुनी कडी, उंबरा मधोमध झिजून वाटीसारखा झालेला. दारात एक काकू गहू निवडत बसल्या होत्या. कुणाच्या घराचा फोटो न विचारता काढायचा नाही, हा नियम मी पहिल्यापासून पाळला आहे. तसंच विचारलं, "काकू, तुमच्या दाराचा फोटो काढू का?"

"दाराचा कशाला? आत ये, छताचा काढ," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात चार पातेली मांडून झोपतो आम्ही. त्या पातेल्यांचा काढ. नाहीतर संडासचा काढ, चौक ओलांडून जावं लागतं रात्री. माझे गुडघे बघतेस ना? फोटो काढणारे खूप येतात गं. वाडा किती सुंदर म्हणतात आणि आपापल्या फ्लॅटात जातात."

मी खजील झाले. कारण मीही साडेबाराला फ्लॅटातच जाणार होते, आणि माझ्या आईला लिफ्टच्या घरात गेल्यावर केवढं सुख झालं ते मला ठाऊक होतं. वाडे का पडतात, यात कुणी एक खलनायक नसतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. त्या काळात भाडेकरूंना त्याची गरजच होती. पण पुढं दर वाढत गेले आणि भाडं तिथंच राहिलं. १९९९ चा नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात फारसा फरक पडला नाही. मालकाच्या हाती येणाऱ्या पैशात एक तुळई बदलणं होईना, आणि भाडेकरूनं दुसऱ्याच्या घराला खर्च का करावा? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मधे कडीपाट कुजत जातो.

फोन पिशवीत टाकून मी निघाले, तर काकूंनीच थांबवलं. "राग आला का? बस, चहा टाकते." चहा होईपर्यंत मी त्यांना विश्रामबागवाड्याचं केळफूल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "थांब, मी दाखवते तुला काय काढायचं ते." मग त्यांनी दाखवलं. माजघराच्या जमिनीत बसवलेलं उखळ. पणतीच्या काजळीनं काळा झालेला कोनाडा. आणि एका खांबावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, शेजारी तारखा. त्यांच्या दोन्ही मुलांची उंची, दर पाडव्याला मोजलेली. "हा काढ," म्हणाल्या. बाहेरून मला दिसली ती नक्षी. त्या घरातली सगळ्यात सुंदर रेघ मला कुणी दाखवल्याशिवाय दिसलीच नसती.

गेल्या वर्षी तो वाडा रिकामा झाला. लाकूड वखारीत गेलं, त्यात खांबही गेला. काकूंचा फोन आला. नव्या घरात संडास आत आहे, पाणी चोवीस तास आहे, सगळं छान आहे. "तेवढा त्या रेघांचा फोटो मोठा करून देशील का गं?" मी खांबाच्या मूळ मापाइतकाच मोठा करून दिला. आता तो त्यांच्या हॉलमध्ये दाराशेजारी लावलाय. नातू आला की त्याला त्या फोटोशी उभं करतात.

तेव्हापासून मी वाड्यांसाठी गळा काढत नाही, आणि पडतात तर पडोत असंही म्हणत नाही. काही जागा जपायलाच हव्यात. मुलींना शिकवणारी बाई म्हणून भिडेवाड्यासमोर मी नेहमी दोन मिनिटं थांबायची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली तिथं मुलींची शाळा काढली. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती जुनी पडकी इमारत उतरवली. माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, तोही घाईत काढलेला. खाली बंद दुकानं, वर कलती लाकडं. सातवीच्या मुलींना तो दाखवला तर एकजण म्हणाली, "बाई, एवढीशीच जागा होती?" धड्यातलं पान वाचून कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. हो, एवढीशीच होती. मग त्या दिवशी तास रंगला.

आणि सासूबाई? त्यांचं माहेर वाईचं. गौरींच्या वेळी मी एका वाड्याच्या महिरपीचा नमुना घेऊन पुठ्ठ्याची कमान कापत होते. त्या शेजारी वाती वळत होत्या. एकदम म्हणाल्या, "आमच्याकडची याहून बुटकी होती. आणि दोन्ही टोकांना पोपट होते." मी कात्री ठेवली. त्या सांगत गेल्या, मी काढत गेले. पोपटाची चोच तीनदा खोडली. "अशी नाही, जरा खाली," म्हणत त्यांनी शेवटी पेन्सिल स्वतःच घेतली. सत्तरीतल्या त्या बाईच्या हातात पेन्सिल मी पहिल्यांदाच पाहिली. दिंडीची कडी दोनदा वाजली की भाऊ शाळेतून आला समजायचं, हेही तेव्हाच सांगितलं. पंधरा वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. पोपट गौरींच्या महिरपीवर बसले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला सासूबाईंनी सांगितलं, "हे माझ्या माहेरचे."

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात वाडा नसेल तर नसू दे. सांगलीचा घाट असेल, अमरावतीतला एखादा जुना सज्जा असेल, तुमच्या कॉलनीतल्या पहिल्या बंगल्याची सिमेंटची जाळी असेल. नाहीतर तुमचा स्वतःचा ओटाच काढा, त्याच्यावरच्या डागांसकट. आपल्याला आज तो नेहमीचा वाटतो म्हणूनच त्याचा फोटो कुणी काढत नाही. माणसं घरात असतील तेव्हा काढा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून काढा, की मी काय काढू? मग त्यातली एक रेघ उचला आणि हातानं कुठंतरी उतरवा. रांगोळीत, भरतकामात, वहीच्या मागच्या पानावर. हातातून गेल्याशिवाय ती आपली होत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

येत्या रविवारी आम्ही सगळे वाईला जाणार आहोत. दार अजून जागेवर आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. डबा काय न्यायचा ते अजून ठरायचंय. पण सासूबाईंनी काल रात्रीच मला बजावलं, "तो तुझा फोन तेवढा आदल्या दिवशी चार्जिंगला लाव."